चतुराबाईंचं परराष्ट्र खातं

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनकडून बरकतपुऱ्यात शिरणारा रस्ता एके ठिकाणी काही कारण नसताना दोनदा वळतो. त्या दुसऱ्या वळणावर ‘भूमंडल अभ्यास केंद्र’ नावाची दुमजली इमारत आहे. नाव भूमंडलाचं, जागा मात्र बेताची. वरच्या मजल्यावर देशोदेशीच्या परराष्ट्र खात्यांतली तरुण अधिकारी मंडळी तीन-तीन महिने राहून इंग्रजी आणि मुत्सद्देगिरी शिकतात. खाली मागच्या अंगाला स्वयंपाकघर आहे आणि तिथं चतुराबाई आहेत. वर काय शिकवतात ते सांगणारी गुळगुळीत कागदाची पुस्तिका केंद्रानं छापली आहे. खाली काय शिकायला मिळतं ते कुणी छापलं नाही, म्हणून हा खटाटोप.

चतुराबाई मूळच्या भालकीकडच्या. नवरा काचीगुड्याच्या मालधक्क्यावर मुकादम म्हणून लागला तेव्हा त्या हैदराबादला आल्या, आणि तो गेल्यावरही परत गेल्या नाहीत. दोन हजार दोनच्या जानेवारीत केंद्राचा आचारी कुणालाही न सांगता पसार झाला. वर आठ देशांचे बारा पाहुणे उपाशी. तेव्हाचे संचालक, एक म्हातारे प्राध्यापक, गल्लीत विचारत विचारत त्यांच्या दाराशी आले आणि म्हणाले, ‘‘बाई, एवढा आठवडा निभावून न्या.’’ तो आठवडा अजून संपलेला नाही.

तेवीस वर्षांत चतुराबाईंनी साठ-सत्तर देश जेवू घातले. पेपर वाचत म्हणाल तर नाही. चौथीपर्यंत गिरवलेलं अक्षर आता डब्यांवरच्या चिठ्ठ्यांपुरतं उरलं होतं. पण जगात काय चाललंय ते त्यांना वरच्या प्राध्यापकांच्या आधी कळे. काल एका वाटीतलं लोणचं खाणारी दोन पोरं आज खोलीच्या दोन टोकांना बसली, की त्या दोन देशांच्या सीमेवर काहीतरी बिनसलंय हे त्या ओळखत आणि मुकाट्यानं लोणच्याच्या दोन वाट्या करत. कुणाला काही विचारत नसत.

त्यांचा सगळ्यात मोठा सिद्धांत बुटांचा होता. एरवी पोरं मेसमध्ये चपला फटफटवत येतात, केस विस्कटलेले, टी-शर्ट चुरगळलेला. पण देशात नवं सरकार आलं की चौथ्या दिवसापासून तीच पोरं बूट घालून जेवायला येतात. ताठ बसतात. वरण मागायचं असलं तरी ‘आमच्या देशाची अशी भूमिका आहे की’ अशी सुरुवात करतात. ‘‘नवं सरकार आलं की बूट,’’ चतुराबाई सांगत, ‘‘आन् साताठ महिन्यांनी त्याच देशाची नवी पोरं बघा, पुन्हा चपला.’’ हा सिद्धांत त्यांनी तेवीस वर्षं तपासून पाहिला होता आणि तो एकदाही चुकला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या किती सिद्धांतांबद्दल असं छातीठोकपणे सांगता येईल, ते वरच्यांनीच ठरवावं.

दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत आलेली तिघांची तुकडी तर पहिल्या दिवसापासून बुटांतच होती. इंडोनेशियाची रत्ना: तिच्याकडे ऑक्टोबरात नवे राष्ट्राध्यक्ष आले होते आणि जानेवारीत देश एका बड्या गटात दाखल झाला होता, त्या गटाचं नाव रत्ना दिवसातून दहा वेळा घेई. ब्राझीलचा रेनातो: त्याचं सरकार तसं दोन वर्षांचं, पण ‘आम्ही जगात परत आलो आहोत’ हे सांगून त्याचं मन अजून भरलं नव्हतं. आणि दक्षिण आफ्रिकेची थांडी: तिच्याकडे कुणालाच बहुमत नाही म्हणून दहा पक्षांनी मिळून सरकार केलेलं, आणि त्यातच वीस बड्या देशांच्या बैठकीचं यजमानपण अंगावर आलेलं. दहा जावांच्या घरात लग्न निघावं तशी तिची धांदल होती. तिघंही हुशार, तिघंही भले, आणि आपल्या देशाला जग अजून ओळखत नाही याचं तिघांनाही मनापासून वाईट वाटे.

पहिल्याच आठवड्यात चतुराबाईंनी निदान करून टाकलं. ‘‘तिघांनाबी मोठ्या पंगतीत बसायचंय,’’ त्या केंद्राचे अध्यक्ष हिम्मतराव यांना म्हणाल्या, ‘‘पाट कुठं मांडलाय तेवढं कुणी सांगंना.’’ हिम्मतराव उदगीरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दर गुरुवारी कामाच्या निमित्तानं केंद्रात येऊन चतुराबाईंच्या हातचे धपाटे खाऊन जाणारे. ते पोट धरून हसले आणि आणखी एक धपाटा घेतला.

नवं सरकार खुद्द केंद्रातही आलं होतं. डिसेंबरात निवडणूक होऊन हिम्मतराव सोडून सगळी कार्यकारिणी बदलली आणि नव्या मंडळींनी नवे संचालक आणले. ओंकारसाहेब पुण्याचे, दिल्लीमार्गे आलेले, वय अडतीस. माणूस हुशार आणि सरळ, फक्त महत्त्वाकांक्षा अंगात मावत नव्हती. केंद्राचं नाव जगभर व्हायला हवं, बरकतपुऱ्याची ही दुमजली सोडून गच्चीबावलीला काचेची इमारत हवी, अमक्या शहरातल्या तमक्या संस्थेनं आपल्याला वचकून असायला हवं, असं त्यांचं चालू असे. जेवण ते मोबाइलवरून मागवत आणि टेबलाशीच, लॅपटॉपकडे बघत, संपवत. मेसमध्ये त्यांचं पाऊल कधी पडलं नाही. बूट ते झोपतानाही काढत नसावेत, असं चतुराबाईंचं मत होतं.

जानेवारीच्या शेवटी कार्यकारिणीची बैठक झाली. चतुराबाई चहा ठेवत होत्या आणि ओंकारसाहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. ‘‘मार्चमध्ये या तुकडीची सराव परिषद आहे. दिल्लीहून दोन निरीक्षक येतायत. ती उत्तम झाली की माझ्या पूर्ण योजनेला मान्यता द्यावी, एवढीच विनंती. नवं संकुल, नवा अभ्यासक्रम आणि किचन आउटसोर्स. बंजारा हिल्सच्या एका केटरिंग कंपनीशी बोलणं झालंय. जागतिक दर्जाचं जेवण.’’ बोलता बोलता त्यांनी चतुराबाईंच्या ट्रेमधला कप उचलला, ‘थँक यू’ म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं.

आउटसोर्स हा शब्द चतुराबाईंनी रेनातोच्या तोंडून वादावादीत शंभरदा ऐकला होता. आपलं काम दुसऱ्याला देऊन टाकायचं, एवढा अर्थ त्यांना पक्का माहीत होता. ट्रे घेऊन त्या खाली आल्या आणि त्या दिवशी वरणात दोनदा मीठ पडलं. त्या घाबरल्या होत्या. मुलगी नांदेडला तिच्या संसारात रमलेली, भालकीला आता ओळखीचं कुणी नाही, वय अठ्ठावन्न. उद्यापासून पहाटे पाचला उठून जायचं कुठं, एवढा एकच प्रश्न त्यांना पडला.

पण म्हणून पोरांचं शिक्षण अर्ध्यावर टाकून कसं चालेल? त्यांना अजून जेवता कुठं येत होतं? भाकरी पुढं केली की ‘नो, थँक यू’ म्हणायची आणि विषय संपवायची. चतुराबाईंना हे भयंकर वाटे. त्यांच्या मोडक्या इंग्रजीत आणि घसघशीत दखनीत त्यांनी तिघांना बसवून आग्रहाचं शास्त्र समजावलं. पहिला नक्को मानाचा असतो. पाहुणा हावरा नाही हे चारचौघांना दिसायला नको का? दुसऱ्या नक्कोला पाहुणा विचारात पडलेला असतो. तेव्हा वाढणाऱ्यानं डाव थोडा कमी भरायचा आणि त्याला काय आवडतंय ते बघायचं. तिसरा नक्को खरा. तो आला, हात पानावर आडवा झाला, की वाढणाऱ्यानं थांबायचं. त्याच्यानंतर वाढणं म्हणजे जुलूम.

रत्नाला हे लगेच समजलं. तिच्या आजीकडे जावा बेटावर अगदी असंच होतं म्हणे. थांडीनं वहीत लिहून घेतलं. रेनातोला महिना लागला, कारण त्याच्या तोंडून पहिल्याच खेपेला ‘हो’ निघून जाई आणि मग तो जीभ चावत बसे. फेब्रुवारी संपेपर्यंत मात्र तिघंही इतके तयार झाले की साधं मीठ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला पाच मिनिटं लागू लागली. चतुराबाई दारात उभ्या राहून कौतुकानं बघत.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात परिषद भरली. दोन दिवसांचा कार्यक्रम. तिघं आपापल्या देशांतर्फे बसणार आणि खुद्द ओंकारसाहेब एका बिननावाच्या महासत्तेची भूमिका करणार. त्यांनी त्यासाठी नवा निळा टाय घेतला होता. मागच्या रांगेत कार्यकारिणी, पुढे दिल्लीचे निरीक्षक. ओंकारसाहेबांनी प्रस्ताव वाचला: तुमची बंदरं आम्ही बांधून देतो, यंत्रसामग्री देतो, सुरक्षा परिषदेत जागा मिळायला पाठिंबा देतो, बदल्यात आमची लढाऊ जहाजं तुमच्या बंदरांत राहतील आणि मतदानाला तुम्ही आमच्याबरोबर हात वर कराल. प्रस्ताव भरघोस होता. त्यावर दोन दिवस खल व्हावा अशीच त्याची रचना होती.

रत्ना तिघांच्या वतीनं उठली, गोड हसली आणि म्हणाली, ‘‘आपल्या औदार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण सध्या आम्हाला हे शक्य दिसत नाही.’’ आणि खाली बसून वाट पाहू लागली. थांडी आणि रेनातोही हसऱ्या चेहऱ्यानं ओंकारसाहेबांकडे बघत राहिले.

आता ओंकारसाहेब पडले पुण्याचे. पाहुण्याला चहा विचारायचा, तो नको म्हणाला की नको. उगाच त्याच्या आणि आपल्या वेळेचा खोळंबा कशाला, अशा स्वच्छ वातावरणात ते वाढले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. ‘‘आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो,’’ ते म्हणाले आणि फाइल मिटली. दोन दिवसांची परिषद अकरा मिनिटांत आटोपली. निरीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. रत्नाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं आणि ती टेबलाकडे बघत बसली.

हिम्मतराव सगळ्यात आधी खाली स्वयंपाकघरात पोचले, कारण हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. त्यांनी चतुराबाईंना घडलेलं सांगितलं न सांगितलं तोच मागून ओंकारसाहेब तणतणत आले.

‘‘चतुराबाई, तुम्ही या मुलांना काय शिकवलंयत?’’

‘‘काय झालं, साहेब?’’

‘‘अहो, मी वर तोंडघशी पडलो! ती तिघं म्हणतायत, तुम्ही परत विचाराल म्हणून आम्ही थांबलो होतो. पहिलं ‘नको’ खरं नसतं असं त्यांना तुम्ही सांगितलंत?’’

‘‘हौ, सांगितले की,’’ चतुराबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या हातातली भाकरी थबकली. ‘‘म्हंजे तुम्ही एकदाच विचारलाव?’’

‘‘एकदाच! नाही म्हटल्यावर परत कशाला विचारायचं माणसाला?’’

चतुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. ‘‘साहेबांना लहानपणी कुणी आग्रह केला नाही वाटतं,’’ त्या हिम्मतरावांना हळूच म्हणाल्या. हिम्मतराव छताकडे बघू लागले.

परिषद बुडाली की योजना बुडणार आणि योजना बुडाली की आपलं स्वयंपाकघर राहणार, हे न कळण्याइतक्या चतुराबाई भोळ्या नव्हत्या. तोंड मिटून भाकऱ्या थापत बसलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण वर तीन पोरं मान खाली घालून बसली होती, आणि ती आपल्या शिकवणीमुळं बसली होती. चतुराबाईंनी पदराला हात पुसले.

‘‘साहेब, एवढ्या लोकांसमोर पहिल्या हाकेला हौ म्हणली असती तर ती पोरगी हावरी दिसली असती. घरी जाऊन तिच्या लोकांना तिनं काय तोंड दाखवायचं? आन् तुम्ही एकदा विचारून पान उचललाव. आमच्यात ह्याला पाहुण्याला हाकलणं म्हणतेत.’’

‘‘मग तुम्ही काय केलं असतंत?’’ हा प्रश्न ओंकारसाहेबांच्या तोंडून निसटून गेला.

‘‘थांबले असते. दुसऱ्यांदा विचारताना कमी वाढले असते, पण त्यांना जे पायजे ते. तुम्ही ढीगभर वाढायलाव खरं, पण त्यातलं निम्मं तुमच्याच पोटासाठी हाय. पोरांना काय कळत नाही व्हय? जावा, परत विचारा. त्यांना काय लागतं ते आधी बघा.’’

ओंकारसाहेब वर गेले. दुपारच्या जेवणानंतर परिषद पुन्हा भरली. या खेपेला त्यांनी निम्मा प्रस्ताव बाजूला ठेवला आणि तिघांना एकेक करून विचारलं. रत्नानं आधी हसून नकार दिला आणि मग मासेमारीच्या होड्यांचा विषय काढला. थांडी औषधांवर आली, रेनातो जंगलांवर. संध्याकाळचे पाच वाजले तरी कुणी उठेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसले. ओंकारसाहेबांना आता रंग चढला होता. टाय त्यांनी केव्हाच सैल केला होता.

शेवटी त्यांनी सुरक्षा परिषदेतल्या जागेचा विषय तिसऱ्यांदा पुढं केला. पाठिंबा देऊ, पण जहाजं राहतील. या एका जागेसाठी तिघांचेही देश वर्षानुवर्षं झुरत होते. रेनातोनं रत्नाकडे पाहिलं, रत्नानं थांडीकडे. मग रत्नानं उजवा हात समोरच्या कागदावर आडवा ठेवला. ‘‘नाही,’’ ती म्हणाली. ती हसली नाही. बाकीच्या दोघांनीही आपापले हात कागदांवर आडवे ठेवले. ओंकारसाहेब काहीतरी बोलणार होते, पण ते थांबले. त्यांना कळलं. होड्या, औषधं आणि जंगलं एवढ्यावर सह्या झाल्या आणि जहाजं बाहेर राहिली. निरीक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या. सरावात इतका खरा नकार आपण पाहिला नव्हता, असं त्यातल्या एकानं लिहूनही दिलं.

आणि परिषद उत्तम झाल्यामुळं शुक्रवारी कार्यकारिणीनं संचालकांच्या पूर्ण योजनेला एकमतानं मान्यता दिली. नवं संकुल, नवा अभ्यासक्रम आणि सतराव्या पानावर किचन आउटसोर्स. एकमतानं म्हणजे हिम्मतरावांनीही हात वर केला. सतरावं पान त्यांनी वाचलं नव्हतं. गुरुवारचे धपाटे ज्या हातानं खाल्ले तोच हात शुक्रवारी वर गेला, हे त्यांना नंतर कुणी सांगायची गरज पडली नाही.

तुकडी आपापल्या देशांना निघाली. जाताना तिघांनी चतुराबाईंना मिठी मारली आणि त्या तिघांच्याही पाठीवरून हात फिरवून आत गेल्या. योजना मंजूर झाल्याचं त्यांना शिपायाकडून कळलं होतं. आपणच साहेबांना वर पाठवलं, आपणच परिषद वाचवली, आणि तिच्याच जोरावर आपल्याला घरी बसवणार. त्यांना याचा राग यायला हवा होता. पण राग येईना, नुसतं रडू येई, आणि तेही कांदा चिरतानाच काय ते मोकळं करता येई.

सोमवारी ओंकारसाहेब नोटीस लिहायला बसले. कुणाकरवी निरोप धाडणं त्यांना पटेना. महिन्याची मुदत देऊन, रीतसर, स्वतःच्या हातानं कागद द्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं. नोटिशीच्या मसुद्यात पहिली ओळ होती: आपल्या नियुक्तीपत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये. त्यांनी फाइल मागवली. फाइल नव्हती. कपाटं उघडली, माळा काढला, जुन्या संचालकांच्या वेळची दोन खोकी उपसली. माळ्याचं नियुक्तीपत्र निघालं, तीन महिने टिकलेल्या एका टंकलेखकाचं निघालं, एका बंद पडलेल्या फोटोकॉपी यंत्राची जन्मकुंडली निघाली. चतुराबाईंचं नाव मात्र केंद्राच्या एकाही कागदावर नव्हतं; त्यांचे पैसे दरमहा किराणा खर्चात धरून रोख दिले जात. तेवीस वर्षांत अकरा संचालक त्यांच्या हातचं जेवले, पण चतुराबाईंना नोकरीवर ठेवायचं सगळेच विसरले होते. आणि जी नेमलेलीच नाही तिला कमी करणार कसं?

एक कोरा नियुक्ती अर्ज घेऊन ओंकारसाहेब स्वयंपाकघरात आले. भांडी ठेवायच्या फळीजवळचं स्टूल त्यांनी ओढून घेतलं.

‘‘चतुराबाई, जरा बसता का? तुमचा एक कागद करायचा राहून गेलाय. तो आधी करू.’’

‘‘आन् त्याच्यानंतरचा कोणता हाय ते ठाऊक हाय मला,’’ चतुराबाई म्हणाल्या आणि समोर मांडी घालून बसल्या. ‘‘लिवा.’’

‘‘पूर्ण नाव?’’

तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी हे विचारलं होतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ‘‘चतुराबाई माणिकराव बिरादार.’’

‘‘जन्मतारीख?’’

‘‘आधारवर एक जानेवारी हाय. आमच्या गावात समदे एक जानेवारीलाच जन्मलेत.’’

‘‘शिक्षण?’’ चौथी. ‘‘भाषा?’’

‘‘मराठी. कन्नड. तेलुगू. ही आपली इथली उर्दू. आन् ‘अजून वाढू का’ एवढंच म्हणायचं असंल तर सत्तावीस भाषा.’’

ओंकारसाहेबांचा हात थांबला. त्यांना स्वतःला भाषा चारच येत होत्या. त्यांनी ‘इतर सत्तावीस, कामापुरत्या’ असं लिहिलं.

‘‘रुजू झाल्याची तारीख?’’

‘‘दोन हजार दोनची भोगी. संक्रांतीचा आदला दिवस. बाजरीच्या भाकरी केल्ते मी पहिल्यांदा, अन् तीळ कमी पडले.’’

ओंकारसाहेबांनी तेरा जानेवारी दोन हजार दोन लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत राहिले. तेव्हा ते शाळेत दहावीच्या आसपास होते. नव्या देशाला आधी इतरांची मान्यता लागते, मग बाकी सगळं, हे ते प्रत्येक तुकडीला पहिल्या तासाला शिकवत. खाली, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर दहा फूट खाली, एक बाई तेवीस वर्षं भाकरी थापत होती आणि तिला त्यांच्या संस्थेनं साधं ओळखलंही नव्हतं. त्यांना लाज वाटली. चांगलीच वाटली.

‘‘वाचून दाखवा की,’’ चतुराबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचून दाखवलं. त्या इमारतीत आपलं पूर्ण नाव मोठ्यानं उच्चारलेलं चतुराबाई पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी सहीच्या जागी सावकाश, एकेक अक्षर लावत नाव लिहिलं. मग त्या चष्मा काढून रडल्या, आणि यावेळी जवळपास कांदा नव्हता. ‘‘आता दुसरा कागद द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे.’’

‘‘दुसरा मी आणलेला नाही,’’ ओंकारसाहेब म्हणाले. खरं तर नोटिशीचा मसुदा त्यांच्या खिशात होता. वर जाऊन त्यांनी तो फाडला.

नियुक्तीपत्रावर अध्यक्षांची सही लागते. हिम्मतराव गुरुवारी आले, तारीख वाचली आणि पेन उघडलं. ‘‘ओंकारराव,’’ ते म्हणाले, ‘‘तेवीस वर्षं हिच्या हातचं खाल्लं, आन् त्या दिवशी न वाचता हात वर केला. मला माफी मागू द्या आधी.’’ सही करून ते खाली गेले आणि त्यांनी खरोखर माफी मागितली. धपाटे मात्र त्या दिवशी मागितले नाहीत. चतुराबाईंनी आपण होऊन वाढले तेव्हा मान खाली घालून खाल्ले. पुढं कार्यकारिणीत बरीच घासाघीस होऊन तोडगा निघाला: मोठ्या परिषदांचं जेवण केटरिंग कंपनीकडे, रोजचं चतुराबाईंकडे. कुणीच पुरतं खूश नव्हतं, म्हणजे करार बरा झाला असावा.

नियुक्तीपत्र हातात पडलं त्या दिवशी चतुराबाईंनी कामाच्या दिवशी पहिल्यांदा अर्धी रजा घेतली. तो कागद वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून त्या चिक्कडपल्लीला गेल्या. बाजाराच्या तोंडाशी झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दुकानदार विशी-बाविशीचा होता. त्यानं कागद मशीनजवळ धरला, वरचं ‘नियुक्ती’ तेवढं त्याला कळलं असावं.

‘‘नयी नौकरी लगी क्या, अम्मा? मुबारक हो!’’

‘‘नयी कां की, बाबा,’’ चतुराबाई म्हणाल्या. ‘‘तेईस साल पुरानी है. लिखके अब्बी दिये.’’

तो हसणार होता, पण त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसला नाही. कागदाच्या कडा त्यानं पुन्हा एकदा नीट जुळवल्या, सावकाश मशीनमधून काढला, आपल्या शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला.